हिरव्या घरांचा नकाशा

पीरसाबची कौसर आमच्या वरच्या मजल्यावर बसून आभाळातून काढलेले फोटो एकमेकांत कालवते. हे मी अक्कलकोट रोडवर ज्याला ज्याला सांगितलं, त्याची नजर आधी माझ्या चेहऱ्यावर आणि मग हातातल्या औषधांच्या पिशवीवर गेली. एकानं तर आपुलकीनं विचारलं, "ईश्वरप्पा, गोळ्या बदलल्या का?" म्हटलं, गोळ्या त्याच आहेत, भाडेकरू बदललाय. पूर्वी वर शिवणक्लास होता, तेव्हा गल्लीच्या बातम्या आपसूक जिना उतरून यायच्या. आता बातम्यांसाठी मलाच जिना चढावा लागतो. गुडघे कुरकुरतात, पण माल चांगला मिळतो.

पीरसाबला आमच्या भागात सगळे ओळखतात. चिंचोळी एमआयडीसीतून सूत गुंडाळलेले मोठे बीम टेम्पोत घालून यंत्रमागवाल्यांना पोचवण्यात त्याचा जन्म गेला. आता टेम्पो तौसिफ चालवतो, कौसरचा धाकटा भाऊ. आई नूरबी. नूरबीबद्दल एवढंच सांगतो, की शास्त्रीनगरात कुणाच्या घरी पाहुणा आला, तर तो चप्पल काढायच्या आत हिला कळतं. मी या बाईला मानतो. पण एका गोष्टीत तिची कायम पंचाईत व्हायची. लेक संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली, म्हणजे नक्की काय झाली, ते तिला चारचौघींत सांगता येईना. शेवटी तिनं आपला तोडगा काढला. "हमारी कौसर हिसाब की डाक्टर है," असं ती सांगू लागली. त्यानंतर दोन बायका आपली गुडघेदुखी घेऊन कौसरकडे येऊन गेल्या म्हणतात. कौसर हे नाकारते. मी नूरबीवर विश्वास ठेवतो.

कौसर दिसायला शांत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओढणी खुर्चीच्या पाठीवर, चहा बिनसाखरेचा. स्कूटी इतकी हळू चालवते, की मागून येणारा सायकलवाला हात दाखवून पुढं जातो. ही मुलगी हैदराबादेला एका कंपनीत काही वर्षं होती. पगार चांगला, खोली चांगली, बिर्याणीला तर बोलायलाच नको. तरी परत आली. का आलीस, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. मला वाटलं, काहीतरी भानगड असेल, चहाबरोबर बरी लागेल.

ती म्हणाली, "काका, इतकी वर्षं तिथं राहिले. शेजारणीनं एकदासुद्धा विचारलं नाही, की काल यायला उशीर का झाला."

आमच्याकडे ही सोय चोवीस तास आहे.

तर तिनं त्याच कंपनीच्या मागं लागून सोलापुरात एक खोली घ्यायला लावली. ती खोली म्हणजे आमचा वरचा मजला. काम असं, की उपग्रहानं काढलेल्या फोटोंवरून कुठल्या वावरात कुठलं पीक आहे याचे नकाशे करायचे. आणि त्यासाठी फोटो कालवायचे. कालवायचे म्हणजे काय, ते मला कुणी पुस्तकातून समजावलं असतं तर जन्मात कळलं नसतं. कौसरनं मात्र बरोबर माझ्या विषयातून समजावलं.

"काका, कोपऱ्यावरच्या राजशेखरचं लग्न मोडलं, ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? गौरम्मानं सांगितलं, दगडाबाईनं सांगितलं, तुझ्या आईनं सांगितलं, आणि घरात आमची जगदेवी आहेच."

"काय सांगितलं?"

"गौरम्मा म्हणाली, मोडलं, दागिन्यांवरून. दगडाबाई म्हणाली, मोडलं, मुलगा तोंड उघडत नाही. तुझी आई म्हणाली, मोडलं, सगळं आत्याबाईंनी केलं. ही म्हणाली, मोडलं आणि बरं झालं."

"चौघींत सारखं काय?"

"मोडलं."

"ते बाजूला काढा. आता जे उरलं ते ज्याचं त्याचं. बरोबर? आमचे फोटो असेच असतात. उपग्रह एकाच रानाकडे वेगवेगळ्या चष्म्यांतून बघतो. एकातून निळं दिसतं, एकातून हिरवं, एकातून लाल. आणि एक चष्मा असा, की त्यातला उजेड आपल्या डोळ्याला दिसतच नाही, पण ताजं पान तो जोरात परत फेकतं. प्रत्येकाचा फोटो वेगळा. तरी बरंचसं सगळे तेच सांगत असतात, इथं उजळ आहे, तिथं काळं आहे. ते सारखं तेवढं गणितानं वेगळं काढता येतं."

"काढून करायचं काय?"

"फेकायचं. कारण या चौघींची नजर अधू आहे. त्यांना आख्खं घर म्हणजे एक ठिपका. पण पाचवा एक साक्षीदार असतो. त्याला रंग कळत नाहीत, सगळं काळं-पांढरं. पण नजर अशी तिखट, की बांधावरची बैलगाडी दिसते. मग मी चौघींतलं 'मोडलं' काढते, त्या जागी या तिखट नजरवाल्याची साक्ष बसवते, आणि ज्याची त्याची फोडणी परत वरून घालते. रंग चौघींचे, रेषा त्याच्या."

"आणि तो नजरवाला आरडाओरडा करणारा निघाला तर?"

तिनं माझ्याकडे जरा कौतुकानं बघितलं. "म्हणून आधी त्याचा आवाज चौघींच्या आवाजाला जुळवून घ्यायचा. सरासरी तेवढीच, चढउतार तेवढाच."

म्हटलं, "म्हणजे मी जन्मभर फुकट करत आलो, त्याचा तुला पगार मिळतो की गं."

"नाही काका. तुम्ही सारखं तेवढं फेकता आणि नुसती फोडणी वाढता."

बघा. वर माझाच चहा पिऊन.

तर त्या हिवाळ्यात हैदराबादच्या कंपनीला एका बियाणंवाल्याकडून मोठं काम आलं. दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढ्याकडची सगळी रब्बी, कुठं ज्वारी, कुठं हरभरा, कुठं करडई, वावरागणिक. तिथल्या साहेबिणीनं, प्रियदर्शनी मॅडमनी, आधी परीक्षा म्हणून वळसंगच्या आजूबाजूचा एक पट्टा कौसरला दिला. कौसरची फोटो कालवायची पद्धत तिची स्वतःची बसवलेली होती, आणि हैदराबादेत त्यासाठी विकतचं तयार सॉफ्टवेअर होतं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, तुझा नकाशा उतरला तर सगळा हंगाम सोलापुरातून तूच कर. नाही उतरला तर ती खोली बंद, आणि तुझी खुर्ची इथं ठेवलेली आहे, ये.

खुर्ची ठेवलेली आहे, हे ऐकायला किती गोड वाटतं. पण कौसर नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. नूरबी दोन दिवस आमच्या ओट्यावर बसून होती. "जा बोलूं तो दिल नै होता," ती म्हणाली, "नक्को जा बोलूं तो मैंच दुश्मन." आणि मी? वरचा मजला पुन्हा शिवणक्लासला देता आला असता. पण खरं सांगायचं तर माझा चहा गेला असता.

कौसरनं जीव ओतून काम केलं. रंगाचे फोटो जानेवारीतले घेतले, ज्वारी अंगात आलेली असते तेव्हाचे. काळ्या-पांढऱ्या तिखट फोटोंचा ढीग चाळून त्यातला सगळ्यात लख्ख निवडला. धुकं नाही, ढग नाही, उपग्रह बरोबर डोक्यावर. नकाशा झाला. मी पाहिला तेव्हा वळसंगची रानं अशी दिसत होती, की हात घालून कणीस मोडावं. तो हैदराबादेला गेला, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

दोन-तीन दिवसांनी वर गेलो तर कौसरचा चहा गार होऊन त्यावर साय धरलेली. ही मुलगी आणि चहा गार करते! मी ओळखलं, कायतरी बिनसलं.

"काय झालं गं?"

"मॅडमचा फोन होता. माझ्या नकाशात घरं उगवलीत."

"उगवली म्हणजे?"

"वावरात घरं दिसतायत, काका. एक-दोन नाहीत, जवळजवळ प्रत्येक वावरात. आणि हिरवी. पिकाच्या रंगाची. मॅडम म्हणाल्या, कौसर, जगात पत्र्याचं घर असतं, स्लॅबचं असतं, ज्वारीचं घर मी नाही बघितलं. तुझं कालवणंच चुकतंय. जे नाही ते तयार होतंय."

"आणि खरंच चुकतंय का?"

"तेच कळत नाही ना. सगळी आकडेमोड परत केली. सारखं काढलेलं बरोबर, सरासरी जुळते, चढउतार जुळतो. तरी घरं जात नाहीत. त्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय. चूक सापडली नाही तर मी लिहून देणार, की माझी पद्धत चुकीची आहे, तुमचं सॉफ्टवेअर वापरा."

"आणि तू?"

तिनं गार चहा बाजूला सरकवला. मला वाईट वाटलं. पण माणसाचा स्वभाव बघा. वाईट वाटता वाटता माझं लक्ष स्क्रीनकडे. वळसंग म्हणजे आमच्या जगदेवीचं माहेर. मेहुणा अमरेश तिथं शेती करतो. म्हटलं, "बाळ, तू शोध चूक, पण जाता जाता मला अमरेशचं रान दाखव की जरा."

तिनं दाखवलं. ती विहीर. तो लिंब. तो बांध. आणि बांधाला लागून, विहिरीच्या अंगाला, चांगलं लांबट, चौकोनी, सावली पडलेलं हिरवंगार घर!

मी डोळे पुसून बघितलं. आता तुम्ही म्हणाल, कौसरनं आत्ताच सांगितलं ना, की घरं खोटी आहेत? सांगितलं. पण बाकीच्यांची खोटी असतील. अमरेशला मी ओळखतो. पोरीची सोयरीक ठरवली ती आम्हाला चार दिवसांनी कळवणारा माणूस आहे हा. कौसर पुन्हा तिच्या आकड्यांत शिरली, आणि मी जिना उतरलो. गुडघ्यांनी त्या दिवशी मुळीच कुरकुर केली नाही.

जगदेवी पालक निवडत होती. मी सहज, अगदी सहज म्हणालो, "अमरेशनं शेतात घर बांधलेलं दिसतंय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय. आभाळातून."

पालकाची जुडी तिथंच राहिली. तिनं फोन लावला, आणि पुरावा समोर असावा म्हणून फोन हातात धरून, बोलत बोलतच जिना चढायला लागली. मी मागं. आवाज बाहेर सोडलेला, त्यामुळे वळसंगपासून अक्कलकोट रोडपर्यंत सगळ्यांची सोय झाली.

"एनायतु अक्का?" काय झालं, असं तिकडून अमरेश विचारतोय.

"एनायतु काय विचारतोस! शेतात घर बांधलास आन् वास्तुशांतीला सख्ख्या बहिणीला बोलवायचं न्हाय व्हय रे?"

"घर? कुठलं घर?"

"विहिरीजवळचं! हिरवं!"

"हिरवं घर कोण बांधतंय अक्का?"

"तेच म्या इचारते की. बांधलास तर बांधलास, रंग तरी माणसासारखा लावायचा."

"अगं, तितं ज्वारी हाय! छातीएवढी ज्वारी हाय! दाजी हायेत का तितं? तेंनीच लावून दिलं असंल हे."

मी जिन्यातल्या खिडकीबाहेर बघू लागलो. कबुतरं होती.

एव्हाना आम्ही वर पोचलो होतो. जगदेवीनं स्क्रीनवर बोट ठेवलं, अगदी त्या घरावर. "हे काय मग? मशीन काय खोटं बोलतंय? तू खरा आन् उपग्रह खोटा?" कौसर बिचारी चष्मा सावरत, "काकी, अहो ते घर नाही, ती माझी चूक आहे," असं म्हणत होती. पण भावा-बहिणीच्या मध्ये आजवर कुणाचा आवाज गेलाय?

अमरेशही आता तापला होता. "अक्का, तूच सांग. येळ अमावस्येला तू सोता बसली हुतीस ना तितं? भज्जीचं पातेलं तुझ्याच म्होरं हुतं की. तवा हुतं का घर? त्या जागी तर ह्या कौसरच्या भावाचा टेम्पो लावला हुता!"

"टेम्पो लावला हुता ते मला ठावं न्हाय व्हय? पर त्याच्या मागनं तू घर..."

"अमरेशमामा," कौसर एकदम म्हणाली, "परत सांगा. टेम्पो कुठं लावला होता?"

"विहिरीच्या अंगाला, बांधाकडंला. का गं माय? पंक्चर झालाय का?"

कौसर उठून उभी राहिली. "काकी, येळ अमावस्या तारखेनं कधी होती?"

"तारीख कोण बघतंय? अमावस्या ती अमावस्या."

भिंतीवर नवं कॅलेंडर होतं. जुनं मी जिन्याखाली रद्दीत टाकलेलं. ते आणायला मला पुन्हा खाली पिटाळलं गेलं, आणि मी गेलो, कारण कबुतरांकडे किती वेळ बघणार? डिसेंबरचं पान उलगडलं. अमावस्येचा काळा गोळा ज्या तारखेवर होता, तीच तारीख कौसरच्या त्या लख्ख, तिखट फोटोच्या नावात लिहिलेली होती.

ती मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. चष्मा काढून डोळे पुसत हसली. तिकडून अमरेश, "हॅलो? अक्का? रडतंय का कोण?"

आता ज्यानं वळसंगकडची येळ अमावस्या पाहिलेली नाही, त्याला सांगितलं पाहिजे. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही. ज्याचं गुंठाभर रान आहे तो आणि ज्याचं काहीच नाही तोही, सगळे शेतात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, घालायची, वर चादर टाकायची, आत चुन्यानं रंगवलेले दगड मांडून पुजायचे, रानात चरग, म्हणजे नैवेद्यातलं अन्न-पाणी, शिंपडायचा, आणि मग जेवायचं. सगळ्या भाज्या-शेंगांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगापोळी, वर आंबील. सोलापुरात नोकरी करणारे सगळे त्या दिवशी जीप, ट्रॅक्टर, छोटा हत्ती, मिळेल ते घेऊन आपापल्या रानात येतात. प्रत्येक वावरात एक कोप, प्रत्येक बांधाला एक गाडी. आमच्या निमंत्रणावरून कौसरही आली होती, नूरबी आली होती, आणि सगळ्यांना घेऊन आला होता तौसिफचा टेम्पो. आम्ही लिंबाखाली उंडे मोडत होतो, आणि त्याच घटकेला वरून कुणीतरी आमचा फोटो काढत होतं.

टेम्पो निळा आहे. पण तिखट नजरवाल्याला रंग कळत नाहीत. त्यानं सांगितलं, इथं लांबट चौकोन आहे, बाजूला सावली आहे. रंग सांगणाऱ्या चौघी आल्या जानेवारीत. तोवर टेम्पो शास्त्रीनगरात, कोपीच्या जागी रान, आणि त्यांच्या अधू नजरेला बांध आणि शेजारची ज्वारी मिळून एकच ठिपका. त्या म्हणाल्या, इथं हिरवं आहे. सगळेच खरं बोलत होते. कौसरनं रेषा एका दिवसाची घेतली आणि रंग दुसऱ्या दिवसाचा, आणि तौसिफच्या टेम्पोला ज्वारीचा रंग लागला.

सगळ्यात गंमत ही, की कौसर स्वतः तिथं होती. येळ अमावस्या तिला पाठ होती. फोटोची तारीखही पाठ होती. पण सण आपण चंद्रावर मोजतो आणि फोटो इंग्रजी कॅलेंडरवर, आणि ह्या दोघांची कधी एकमेकांशी ओळखच करून दिलेली नसते. शिवाय लख्ख दिवस बघून फोटो निवडायचा, तर तोच निघाला जेव्हा आख्खं गाव रानात जाऊन बसलेलं होतं.

जगदेवीनं भावाला सांगितलं, "बरं, न्हाय बांधलास तर न्हाय. पर बांधशील तवा बोलीव." आणि फोन ठेवला. चूक कबूल करायची तिची हीच पद्धत आहे. मला मात्र जिन्यात सगळं ऐकून घ्यावं लागलं.

कौसरनं लगेच हैदराबादेला फोन लावला नाही. तिनं त्या ढिगातून दुसऱ्या एका दिवसाचा तिखट फोटो काढला. जरा धुकट, उपग्रह जरा तिरका, पण साधा वार, कुठला सण नाही. यावेळी तिनं आधी जगदेवीला विचारलं. "काकी, या दिवशी काही होतं का? जत्रा? लग्नाची तिथी?" जगदेवीनं पंचांग बघून सांगितलं, काही नाही, साधी अष्टमी. मग तीच पद्धत, तेच आकडे, फक्त दिवस बदलला. संध्याकाळी नकाशा झाला. रेषा पूर्वीइतक्या कोरीव नव्हत्या. पण अमरेशच्या विहिरीच्या अंगाला नुसती ज्वारी. घरं सगळी गेली.

सोमवारी प्रियदर्शनी मॅडम स्क्रीनवर आल्या. मी चहा द्यायच्या निमित्तानं दाराशी होतो. चहा आधीच दिलेला होता, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मॅडम मूळच्या आपल्याच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या, मागाच्या खटखटीत वाढलेल्या. मी म्हटलं, आता यांना काय सांगायला नको. पण त्या म्हणाल्या, "येळ अमावस्या? ऐकलंय फक्त. आम्हा मागवाल्यांना कुठलं रान? आमच्या घरी अमावस्येला माग बंद असायचा, तेवढंच." मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी तू स्वतः तिथं होतीस?"

"होते मॅडम."

"काय करत होतीस?"

"जेवत होते."

मॅडमच्या तोंडावरची रेघ हलली नाही. मला वाटलं, गेलं.

कौसर म्हणाली, "पद्धत बरोबर आहे, मॅडम. दिवस चुकला, तो मी निवडला. आभाळ बघितलं, सूर्य बघितला. खाली लोक काय करत असतील ते बघितलं नाही. दोन्ही नकाशे पाठवलेत. पद्धत तीच आहे, फक्त तिखट फोटो बदललाय. घरं मोजून घ्या."

मॅडम खरंच मोजायला लागल्या. खाली मान, बोट माऊसवर. मग विचारलं, "पुढच्या भागात, मंगळवेढ्याकडं, असं काही?"

"तिथं पण सण आहेत. बाजारचे दिवस आहेत. आता दिवस निवडायच्या आधी पंचांग बघणार."

"विकतच्या सॉफ्टवेअरनं हेच फोटो घेतले असते तर?"

"त्यालाही हिरवी घरं दिसली असती. ती का दिसतायत, ते त्याला कळलं नसतं."

"इथं कुणाला कळलं नसतं," मॅडम म्हणाल्या. मला मात्र माहीत होतं, की कळलं कुणाला आणि कसं. पण दाराशी उभ्या माणसानं मध्ये बोलायचं नसतं. मग त्यांनी मान वर केली. "पंचांग कुठलं बघतेस ते पण पद्धतीत लिहून पाठव. हंगाम सोलापुरातूनच होऊ दे. आणि तो चुकलेला नकाशा पुसू नकोस. मला पाठव, मोठा करून."

"कशाला, मॅडम?"

"आख्खं गाव जेवायला बसलेलं मी कधी पाहिलं नाही."

फोन बंद झाला. कौसरनं खुर्चीवरची ओढणी ओढून डोक्यावर घेतली, पुन्हा काढली, पुन्हा खुर्चीवर टाकली. मी दारात उभा होतो हे तिला तेव्हाच दिसलं.

"काका! तुम्ही ऐकलं सगळं?"

"मी? मी चहाचे कप न्यायला आलो होतो."

"काका, एक विनंती आहे. कंपनीचं पत्र येईपर्यंत कुणाला सांगू नका. अम्मीला मी स्वतः सांगणार. तोपर्यंत शब्द नको."

मी छातीवर हात ठेवला. खरंच मनापासून ठेवला. असं काही पोटात ठेवणं माझ्या तब्येतीला बरं नाही, पण पोरीनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. दोन्ही कप उचलले, ओठ घट्ट मिटले आणि जिना उतरायला लागलो. वरच्या पायरीवर घट्ट होते. मधल्या वळणावरही घट्ट होते.

खाली जगदेवी उभी, शेजारी नूरबी. दोघींच्या हातात काम, पण कुणी काम करत नव्हतं.

"काय झालं?" जगदेवी.

"कुठं काय? कप आणले."

नूरबीनं माझ्या तोंडाकडे बघितलं. बघितलं म्हणजे एकदाच. मग पदर डोळ्यांना लावून ती जगदेवीला म्हणाली, "रही. देखो, सोलापूर मेंच रही मेरी बेटी."

"अगं, मी एक शब्द बोललो का?" मी ओरडलो.

पण दोघी केव्हाच आत गेल्या होत्या, आणि आतून शिऱ्यासाठी रवा भाजल्याचा वास यायला लागला होता. वरून जिन्याच्या कठड्यावर वाकून कौसर विचारत होती, "काका, सांगितलंत ना?" आणि मला काय उत्तर द्यावं ते सुचेना, कारण आयुष्यात पहिल्यांदा मी खरंच काही सांगितलेलं नव्हतं.